राहायला बरं कुठलं, तिथलं की आपलं?

विंटरथूर, मेअखेर

ती. देओलिंदाताईस अबीलियोचा नमस्कार. (गुडघे दुखतात, म्हणून उभ्याउभ्याच.) तुझं ब्लडप्रेशर, तुझ्या कोंबड्या आणि भावजी कसे आहेत? तुझ्या काळजीचा क्रम हाच असतो, म्हणून त्याच क्रमाने विचारतो.

तू पत्रात विचारलंस, सप्टेंबरात रिटायर झाल्यावर राहायला बरं कुठलं, स्वित्झर्लंड की आपलं पोर्तुगाल? उत्तर सरळ आहे: इथलं. एकतीस वर्षं इथल्या भिंतींना गिलावा केलाय, खोटं सांगणार नाही. दवाखान्यात नऊ म्हणजे नऊ. आपल्याकडे कचेरीत साधा शिक्का मारून घ्यायला जावं, तर खिडकीतल्या बाई कॉफी प्यायला गेलेल्या, आणि कधी येतील विचारलं की रांगेतले लोक आपल्यालाच हसतात. (गेल्या ऑगस्टात गावी बस अकरा मिनिटं उशिरा आली म्हणून मी ड्रायव्हरला घड्याळ दाखवलं, तर तो म्हणाला, "छान आहे की! केवढ्याला पडलं?") तेव्हापासून तू मला 'आमचा स्विस' म्हणतेस, ते मला अजून लागतं.

माणसांचं मात्र इथे जरा वेगळं आहे. खालच्या मजल्यावर ब्युर्गी म्हणून एक विधुर गृहस्थ राहतात. मार्चमध्ये जिन्यात भेटले, तेव्हा मी आपला सवयीने म्हणालो, "या की एकदा जेवायला!" हे आपण दिवसातून दहा जणांना म्हणतो. त्यांनी खिशातून डायरी काढली. "सात मे, साडेसहा?" मला वाटलं गंमत करतायत. हसून हो म्हटलं आणि विसरलो. सात मेला साडेसहाच्या ठोक्याला बेल वाजली. दारात ब्युर्गी, अंगात कोट, हातात फुलं. मी बनियनवर, आणि घरात दोन अंडी आणि तू पाठवलेलं सॉसेज.

तेच परतलं. नऊपर्यंत बसले. जाताना म्हणाले, "सहा आठवडे या दिवसाची वाट बघत होतो." ताई, मी हसलो खरा. मी तरी दुसरं काय करतो? तीन आठवडे गावी यायचं आणि उरलेलं वर्ष त्या तीन आठवड्यांची वाट बघायची. गावात कोणीही दार ढकलून आत येतं, "काय शिजलंय गं?" म्हणत झाकण उचलतं. इथे एकतीस वर्षांत माझ्या भांड्यावरचं झाकण कुणी उचललं नाही. फार आठवण येते गं.

असो. सारासार विचार करता राहणीमान इथलंच उत्तम, आणि मी सुखात आहे.

तुझा धाकटा,
अबीलियो

ता. क. तुमच्या गावात न कळवता कुणाकडेही जाता येतं हे खरं का, असं ब्युर्गींनी विचारलं. हो म्हटल्यावर त्यांनी डायरीत लिहून घेतलं.

ता. क. दुसरा: घरमालकाला जागा सोडतोय म्हणून मी कळवून टाकलंय. भावजींना इतक्यात बोलू नकोस.

ता. क. तिसरा: ताई, चार पानी पत्रात तू कुठलं बरं ते विचारलंस, पण 'ये' असं कुठेच लिहिलं नाहीस. मी दोनदा वाचून पाहिलं. तेवढं लिही.