दीडशे वल्ही उजवीकडे

३ नोव्हेंबर

ती. स्व. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा पोचलं. वहिनीने पाठवलेला चष्मा आत्याला बरोब्बर बसला. आता तिला मी सांधलेल्या जाळ्यातली भोकं लांबूनही दिसतात आणि ती ती मोजून दाखवते. वहिनीला म्हणावं, उपकार झाले.

आता मुद्द्याचं. महिनाअखेर आप्पांची होडी धक्क्यावरच्या बर्फवाल्याला विकून टाकावी आणि मी आप्पांना घेऊन कायमचं तुमच्याकडे यावं, असं तू लिहिलंस. दादा, तुझं पत्र मला मिळायच्या आधी बर्फवाला आमच्या दारात! होडीच्या पोटावर टिचक्या मारून बघत होता, बाजारात भोपळा घेतात तशा. आत्याने त्याला सांगितलं, की होडी अजून मेलेली नाही, नाडी बघायचं काम नाही. तो हसत गेला, पण तीस तारखेला पुन्हा येतो म्हणाला.

आप्पा तसेच आहेत. मार्चमध्ये झटका आला तेव्हापासून तोंडून शब्द नाही, उजवा हात मांडीवर पडलेला. जेवतात, झोपतात, बाकी वेळ खुर्चीत खिडकीकडे पाठ करून बसतात. आठ महिन्यांत एकदाही समुद्राकडे पाहिलेलं नाही.

पण दादा, पाणी बदललंय! सकाळी वारा गार, पाणी मात्र कोमट, आणि इतकं नितळ की नांगराची दोरी खालपर्यंत दिसते. रावस किनाऱ्याजवळ यायची हीच वेळ. तीन-चार आठवडे, मग पुन्हा वर्षभर नाव नाही. काल दोन मासे मी धक्क्यावरून डोळ्यांनी पाहिले. मला रात्री झोप लागली नाही.

रावस नेमके मिळायचे ते आप्पांच्या जागेवर. ती जागा मला ठाऊक नाही. आप्पांना विचारलं, पेन्सिल हातात दिली, तर त्यांनी तोंड फिरवलं. आता ती जागा पाहिलेला दुसरा माणूस जगात एकच आहे. तू बारा वर्षांचा असताना दोन हंगाम दर रविवारी त्यांच्याबरोबर जायचास, तेव्हा मी पाळण्यात होते. आठव आणि लिही. हात जोडते, पाया पडते, हवं तर भांडते.

तुझा लोभ आहेच, तेवढा पोस्टाच्या पेटीपर्यंत पोचू दे.

तुझी
धाकटी

७ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तुझी वहिनी हसली, मी नाही. तू आणि आत्या, एक चाळिशीला टेकलेली आणि एक सासष्टची, तीही पोहता न येणारी! दोघी मिळून समुद्रावर स्वारी करणार. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात, इथे तर पाण्यात उतरण्याआधीच सुरुवात.

होडी विकावी असं मी हौसेने लिहिलेलं नाही. किनाऱ्यालगत मिळणाऱ्या बारीक चिंगळ्यांवर तीन माणसांचं भागत नाही, हे तुलाही कळतं. तरी तुझं मन मोडवत नाही. तेव्हा माझी अट ऐक. तीस तारखेच्या आत आप्पांच्या जागेवरचा एक तरी रावस आणून दाखव. आणलास तर होडी राहिली. नाही, तर मुकाट्याने बर्फवाल्याला होकार द्यायचा आणि सामान बांधायचं.

आता जागा. मला ती घड्याळाच्या काट्यांसारखी पाठ आहे. गावातली पाण्याची टाकी आणि शाळेचा मनोरा एकामागे एक येतील अशी ओळ धरायची आणि ती न सोडता सरळ बाहेर जायचं. काळा खडक लागला की इंजिन बंद. तिथून उजवीकडे वळून वल्ही मारायची, मोजून दीडशे. मोजण्याचं काम माझ्याकडे होतं, कारण दुसरं काही करायला गेलो की मला ओकारी यायची. मग दोरीला बांधलेल्या शिशाच्या वजनाच्या बुडाला साबण चोपडून ते तळाला सोडायचं. साबणाला चिखल लागून आला तर पुढे सरकायचं, शिंपल्यांचा चुरा लागून आला तर नांगर टाकायचा.

दुकानात आज एक घड्याळ उघडून बसलो होतो. तास झाला तरी स्क्रू हातातच, आणि मन काळ्या खडकाशी. गिऱ्हाईक रागावून गेलं. बघ, काय लावून दिलंस.

जपून जा. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
दादा

१२ नोव्हेंबर

ती. स्व. दादास,
धाकटीचा सा. न.

वि. वि. राहू दे बाजूला! मिळाला! मिळाले! तीन!

उंटावरून शेळ्या हाकतोस म्हणून मी आत्याजवळ तुला नावं ठेवली होती, ती सगळी परत घेते.

पहिल्या दिवशी, दहा तारखेला, काहीच जमलं नाही. ओहोटी होती. काळ्या खडकापासून उजवीकडे वळलो, तर साठ वल्ह्यांवरच पाणी फेसाळताना दिसलं आणि आत्याने मागे फिरायचा हुकूम सोडला. काल मग भरती पुरी होता होता पोचलो. फेस नव्हता. मी वल्ही मारत होते, आत्या मोजत होती, आणि मध्येच शेजारणीची गोष्ट सांगायला लागल्यामुळे नव्वदवरून एकदम एकशे वीसवर गेली. आम्ही अंदाजाने जमवलं. शिसं सोडलं, वर काढलं, साबणाला शिंपल्यांचा चुरा! साबण आत्याचा अंगाचा, वासाचा होता. तो मी न विचारता घेतला हे तिला तेव्हा कळलं. भांडायला वेळ नव्हता, नांगर टाकला.

गळाला जिवंत कोळंबी लावून दोरी सोडली. कितीतरी वेळ काही नाही. मग दोरीने बोटाला हलकेच विचारल्यासारखं केलं आणि लगेच अशी धावली की माझं बोट कापलं. मी ओढते, तो ओढतो. आत्या मासा सोडून मलाच धरून बसली, कमरेला मिठी घालून, मी पाण्यात जाईन म्हणून. वर आला तेव्हा चांदीसारखा लखलखत होता. होडीत असा आपटायला लागला की दुसरं काही सुचेना, तेव्हा आत्या सरळ त्याच्यावर बसली. पुढचे दोन निघेपर्यंत ती उठली नाही.

मोठा माझ्या कमरेपर्यंत येतो. धक्क्यावर सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. बर्फवाल्याने तर मासा ठेवायला बर्फ स्वतः आणून दिला. दादा, मी एवढी खूश शेवटची कधी होते ते मला आठवत नाही. मी रडले. लिहिताना पुन्हा रडते आहे.

आप्पांसमोर मासा नेऊन ठेवला. त्यांनी पाहिला, बराच वेळ पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. राग होता की काय, कळलं नाही. तेवढंच एक मनाला लागलं.

होडी राहिली ना? लवकर कळव.

तुझी
धाकटी

१२ नोव्हेंबर

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

हे पत्र जलद टपालाने पाठवतो आहे. हातातलं काम टाक आणि वाच. माझ्या सांगण्यावरून समुद्रावर जाऊ नकोस!

आज सकाळी बसमध्ये गर्दी होती, म्हणून ड्रायव्हरच्या पाठीला लागून असलेल्या उलट्या बाकावर बसलो. रोजचा घंटाघराचा मनोरा रोज डाव्या हाताला येतो, तो आज उजव्या हाताला आला. मी कंडक्टरला विचारणार होतो की आज रस्ता बदलला का. आणि एकदम घाम फुटला.

अगं, मी होडीत उलटा बसायचो! पुढे पाहिलं की मला ओकारी यायची, म्हणून आप्पांनी मला पाठ समुद्राकडे आणि तोंड त्यांच्याकडे करून बसवलेलं असायचं. दोन्ही हंगाम मी समुद्र असा पाहिलाच नाही, आप्पांचं तोंड पाहिलं. म्हणजे माझा उजवा तो होडीचा डावा! आप्पांची जागा काळ्या खडकाच्या डावीकडे आहे. उजवीकडे पाण्याखाली बुडालेले खडक आहेत, आप्पा तिकडे कोणालाच जाऊ द्यायचे नाहीत.

पन्नाशीला आलो, लोकांची सेकंदाची चूक काढून पैसे घेतो, आणि बहिणीला डावं-उजवं नीट सांगता आलं नाही. तू आणि आत्या सुखरूप आहात एवढं एक ओळीचं पत्र टाक. रावस गेला खड्ड्यात.

काळजीत,
तुझा दादा

१६ नोव्हेंबर

ती. स्व. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

एक ओळ: सुखरूप आहोत. आता बाकीच्या ओळी.

माझं पत्र गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझं आलं. मी ते ओसरीवर मोठ्याने वाचलं, आत्यासाठी. बुडालेल्या खडकांपाशी आले तेव्हा ती ओळ मी दोनदा वाचली, खोटं कशाला सांगू. आत्याने चष्मा काढून देवाला हात जोडले, म्हणजे विचार कर. आणि तेवढ्यात घरातून आवाज आला. आम्हाला वाटलं भांडं पडलं. आत जाऊन बघतो तर आप्पा हसत होते! डोळ्यांतून पाणी, खुर्ची हलते आहे, तोंडातून आवाज येतो आहे, खरखरीत, पण येतो आहे. आठ महिन्यांनी. तू उलटा बसायचास हे त्यांना आठवलं असणार. थांबले की पुन्हा हसायचे. मग आम्ही दोघीही हसत सुटलो. शेजारीण धावत आली, तिला वाटलं घरात कोणी गेलं.

हसणं ओसरल्यावर त्यांनी डाव्या हाताने पेन्सिल मागितली. कॅलेंडरच्या पाठीवर काळा खडक काढला. डावीकडे एक फुली, ती त्यांची जागा. उजवीकडे, मी गेले होते तिथे, एक फुली आणि त्यापुढे भलंमोठं प्रश्नचिन्ह. मी एकेक विचारत गेले, ते मानेने हो-नाही सांगत गेले. म्हणजे ती आठी रागाची नव्हती. मी रावस आणला खरा, पण त्याच्या अंगावरचा रंग त्यांच्या जागेवरच्या माशाचा नव्हता, आणि तो आणला कुठून, हे त्यांना कळेना! चाळीस वर्षांत त्यांनी तिथे गळ टाकलेला नाही. कोणीच टाकलेला नाही. खडक आहेत म्हणून माणूस जात नाही, आणि माणूस जात नाही म्हणून मासा राहतो. पुरी भरती असली तर दीड तास सुरक्षित मिळतो. परवा पुन्हा गेले, शिशाने चारी बाजूंचा तळ नीट तपासला. दोन आणखी मिळाले. आत्याने जागेला नाव दिलंय, दादाचा उजवा.

पण आता खरी पंचाईत. तुझी अट आप्पांच्या जागेवरच्या रावसाची होती. हा तिथला नाही. मी लबाडी करणार नाही. मी जिंकले की हरले, तूच सांग. बर्फवाला तीस तारखेला येणार म्हणजे येणार.

उत्तराची वाट बघते आहे. रागावलास तरी प्रेमाने रागाव.

तुझी
धाकटी

२० नोव्हेंबर

चि. धाकटीस,
आशीर्वाद, आणि आत्याला नमस्कार. तिला म्हणावं, माझ्या नावाची जागा पाण्याखाली का होईना, झाली.

निकाल: अट हरलीस. होडी जिंकलीस. आप्पांची जागा मी सांगून तुला सापडली असती तर तू त्यांच्या पाठून चालली असतीस, एवढंच. पण चुकीच्या वाटेने जाऊन, भरती ओळखून, तळ तपासून मासा काढलास. अशा माणसाची होडी विकणारा मी कोण? बर्फवाल्याला नकाराचं कार्ड मी आजच टाकलं. वहिनी म्हणते, तुझं पत्र मी दुकानात सात गिऱ्हाइकांना वाचून दाखवलं. खोटं आहे. नऊ.

पण एक गोष्ट मागतो. आप्पांना माझ्याकडे पाठव. त्यांना आवाज फुटला आहे. बोलायला शिकवणाऱ्या बाई आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहेत, मी जाऊन त्यांच्याशी बोलून आलो. खोली तयार आहे. हे त्यांच्या भल्यासाठी आहे, हे खरंच. पण सगळं खरं सांगायचं तर मला ते समोर हवे आहेत. लहानपणी दोन वर्षं त्यांचं तोंड बघत बसलो आणि मग तीस वर्षं सणासुदीपुरता आलो. मला त्यांची आठवण येते गं. मी तीस तारखेला न्यायला येतो. तू त्यांना विचार, आणि होय म्हणायला लाव.

तुझा
दादा

२४ नोव्हेंबर

चि. दादास,
आशीर्वाद.

डाव्या हाताने लिहितो. अक्षराला हसू नकोस. हे लिहायला दोन दिवस लागले.

धाकटीने जागा विचारली तेव्हा मी तोंड फिरवलं. सांगायची नव्हती म्हणून नव्हे. रेघ वाकडी येत होती. लेकीसमोर लाज वाटली.

तुझं पत्र तिने वाचून दाखवलं. शेवटचं मी पुन्हा वाचायला लावलं. मलाही तुझी आठवण येते. हे पूर्वी बोलता येत होतं तेव्हा बोललो नाही.

तीस तारखेला ये. न्यायला नको, राहायला ये. सूनबाईला आण. त्या बाईंकडून बोलायचे धडे लिहून आण. इथे आत्या आहे, उत्तर द्यायचा सराव आपोआप होईल.

काल धाकटीने मला होडीत नेलं. धक्क्यावरच्या चौघांनी उचलून बसवलं. ती नवी जागा पाहिली. चांगली आहे. मला सुचली नसती. गळाला कोळंबी लावायचं काम मला दिलं आहे. एका हाताने उशीर लागतो. ती दोनदा ओरडली.

पत्र पुरे करतो. उद्या पहाटे कामावर जायचं आहे, आणि आमच्या मालकीणबाई कोणासाठी थांबत नाहीत.

तुझे
आप्पा