गूळ वाटण्यापूर्वी प्रकरण तिसरे वाचावे

तांडा, घाटंजीजवळ
माघ, १९६५

चि. रामीबाईस,

मोठ्या भावाचे, म्हणजे बाबूसिंगचे, पोटभर आशीर्वाद. इकडे सेवाभायाच्या कृपेने सगळे ठणठणीत आहेत. काकांचा गुडघा (तुझ्या वडिलांचाच, दुसऱ्या कोणाचा इतका कुरकुरतो?) चावडीवर बसेपर्यंत बरा असतो, काम निघालं की दुखतो. तुझी प्रकृती कशी आहे? वसतिगृहाच्या वरणात अजून ताटाचा तळ दिसतो का? हे सगळं मराठीत लिहितो आहे, कारण आपली बोली कागदावर उतरली की मलाच वाचता येत नाही.

तू एम.ए.ला नाव घातलंस हे वाचून छाती फुगली. ‘दादा, तू यातून गेला आहेस, कसं वागावं, विषय कसा निवडावा ते लिही’ असं तू विचारलंस. विचारलंस ते बरं केलंस. मी एम.ए. होऊन प्रबंधाला बसलो त्याला आता इतके दिवस झाले आहेत की वाचनालयातला शिपाई मला नोकर समजून हजेरी मागतो. तेव्हा अनुभवाचे बोल ऐक. पहिला सल्ला, आणि हा गाठीला बांध: शिक्षण पुरं होईस्तोवर लग्नाचं नाव काढू नये. दुसरा, सरांच्या घरी सकाळी जाऊ नये. मी प्रकरण दाखवायला गेलो की सरांच्या बाई हातात भाजीची पिशवी देतात, आणि माझ्या प्रबंधापेक्षा माझी वांग्यांची पारख त्या घरात जास्त नावाजली गेली आहे. तिसरा सल्ला म्हणजे घरच्यांना विषय सांगू नये. हा मी पाळला नाही, म्हणून हे पत्र लांबणार आहे.

माझा विषय तुला ठाऊकच आहे, आपल्या गोर बंजारा लोकांची लग्नगीतं. सगळं लिहून झालं, राहिला तो ढावलो. (सासरी निघालेली पोर एकेकीच्या गळ्यात पडून जे रडत रडत गाते ते. तुला सांगायला नको, पण सरांना चारदा सांगावं लागलं.) सरांनी बजावलं की होळीपर्यंत ते प्रकरण आलं नाही तर प्रबंध यंदा जाणार नाही, आणि प्रबंध गेला नाही तर कॉलेजातली जी जागा माझ्यासाठी राखून ठेवली आहे तीही जाईल. म्हणून धावत तांड्यात आलो. आपल्या बायांनी मला दारातूनच वाटेला लावलं. ‘कोनाची पोरगी सासरी चालली, की आमी रडू? उगाच रडलं तं घरात खरं रडनं येते.’ हे खरंच आहे, पण ही गोष्ट सरांना कोणत्या तोंडाने लिहू?

तेव्हा काका म्हणाले, झरीच्या अंगाला डोंगरसिंग नायकाचा तांडा आहे, तिथल्या बाया ढावल्यात पटाईत, चल, मीही येतो. काकांनी त्या दिवशी नवा पटका बांधला होता आणि गुडघा एकदाही दुखला नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मी संशोधक. संशोधकाला पुस्तकात शंका येतात, माणसांत येत नाहीत. वर काका म्हणाले, रिकाम्या हाती कसं जावं? तेही मला पटलं, म्हणून घाटंजीच्या बाजारातून गुळाची चांगली मोठी ढेप घेतली. नायकाच्या अंगणात सगळे वडीलधारे जमले. मी ढेप पुढे ठेवली, काकांनी फोडली, सगळ्यांनी खाल्ली, आणि मी मनात टिपून घेतलं: लोक अत्यंत आतिथ्यशील. मग एक म्हातारा उठून मला छातीशी धरून जवाई म्हणाला.

रामी, माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण सगाईवर आहे. नायकाच्या अंगणात, वडीलधाऱ्यांसमोर, मुलाकडचा गूळ मुलीकडच्यांनी खाल्ला की सोयरीक पक्की, मग शब्द फिरत नाही, असं मी त्यात स्वतःच्या हाताने लिहिलं आहे. समासात सरांनी ‘उत्तम निरीक्षण’ असा शेरा दिला आहे. काकांना जाब विचारला (सोयरिकीचा निरोप त्यांनी आधीच धाडला होता, हे मागाहून कळलं), तर म्हणतात, ‘मी काय सांगू बाप्पा? तू शिकलेला मानूस. मले वाटलं, तुले ठाव असन.’

जिच्याशी सोयरीक पक्की झाली ती नायकाची लेक लाली पाणी घेऊन आली. सातवी शिकलेली आहे. माझ्याकडे नीट बघून हळूच म्हणाली, ‘गुळाचं तुमाले माहीत नव्हतं काय? मंग पुस्तक कायले लिहून राह्यले?’ खरं सांगतो, मला ती आवडली. इतकी आवडली की पाणी न पिताच लोटा परत दिला.

परतताना डोक्यात उजेड पडला. लग्न आहे म्हणजे नवरी आहे, नवरी आहे म्हणजे ढावलो आहे! सरांना तत्काळ लिहिलं की शेवटचं प्रकरण हाती येत आहे, त्यासाठी मी जातीने झीज सोसत आहे. पत्र पेटीत पडल्यावर आठवलं की ढावलो चालतो तिथे पुरुषाला कोणी फिरकू देत नाही, आणि नवरदेवाला तर मुळीच नाही. तरी होणाऱ्या सासूबाईंना, सोनीबाईंना, अजिजीने विचारून पाहिलं. म्हणाल्या, ‘जवाई, ते आमचं रडनं हाय. तुमी आयकाले बसले तं पोरीले रडू येईन का हासू?’ म्हणजे प्रबंधासाठी लग्न, आणि लग्नामुळे प्रबंध बंद. असो. अभ्यास कर, वेळेवर जेव, आणि गुळापासून दूर राहा.

तुझा भाऊ,
बाबूसिंग

ता. क. पहिला सल्ला माझ्यापुरता रद्द समज. लग्न होळीच्या आधी आहे. तू मात्र चार दिवस आधी ये आणि सरळ डोंगरसिंगांच्या तांड्यात उतर. नणंदेला कोणी उठवणार नाही, सोनीबाईंना विचारून ठेवलं आहे. लालीजवळ बस, आणि ऐकशील ते सगळं लिहून घे. हे पत्र खरं म्हणजे एवढ्यासाठीच होतं. माझी नोकरी तुझ्या टाकात आहे.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून लिहितो. लालीचा निरोप आला: ‘नणंदबाई आली तं मनापासून रडीन. पन लिहिलेलं बाईच्याच नावावर राहीन. ज्यानं माझं रडनं आयकलं नाही, त्याच्या नावावर ते कायले?’ मी दिवसभर चिडलो. काकांवर ओरडलो, बैलावरही ओरडलो. पण तिचं बोलणं खोडता येईना. अखेर सरांना कळवलं की माझा प्रबंध ढावल्याशिवाय येईल, घ्यायचा तर घ्या. आणि त्या विषयावर एम.ए.ची एक विद्यार्थिनी काम करते आहे, तिचं नाव रामीबाई. जागा राहते की जाते ते होळीनंतर कळेल. वाईट वाटलं, पण पत्र टाकून आलो तेव्हा हलकंही वाटलं. तू विषय कसा निवडावा म्हणून विचारलं होतंस ना? निवडला.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. परवा काका तो नवा पटका पुन्हा धुऊन वाळत घालत होते. कोणासाठी विचारलं, तर ‘सहज’ म्हणाले, आणि तुझ्या येण्याचा दिवस विचारला. तू बिनघोर ये. पटका मी लपवला आहे, आणि तुझं एम.ए. होईस्तोवर तो सापडायचा नाही.