बांधावरचा लाल स्टिकर

महाळुंगे,
चौथी माळ

ती. अण्णा,

सिद्धेशचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तो उभ्यानेच घातला आहे, पण मनाने आडवा आहे असे समजावे.) तुमचा गुडघा कसा आहे? डब्याच्या बाईंची आमटी अजून तशीच पातळ येते का? इकडे तुमची लेक भाग्यश्री, योगिनी आणि अजिंक्य ठणठणीत आहेत. आमची आईही ठणठणीत आहे. ती माझ्याशी बोलत नाही, पण ते काही दुखणे नव्हे. त्याचे कारण पुढे येईल.

पोळ्याच्या संध्याकाळी धोंडीबा तात्यांनी तुम्हाला फोन केला, आणि मुलांना घरी शिकवण्याचा हा खेळ पुरे झाला, दसऱ्याला येऊन मी दोघांना तळेगावला घेऊन जातो आणि दिवाळीनंतर माझ्या जुन्या शाळेत घालतो, असे तुम्ही भाग्यश्रीला सांगितलेत. मी फोन केला तर "जावईबापू, जे सांगायचं ते लेखी द्या" म्हणून ठेवून दिलात. जन्मभर हेडमास्तरकी केलेल्या माणसाचा शब्द मी कसा मोडणार? म्हणून लेखी देतो. तात्यांनी सांगितले ते खोटे नाही, पण त्यांनी गोष्ट मधूनच सुरू केली आहे. मी पहिल्यापासून सांगतो.

मुलांना शाळेतून काढले ते लाड म्हणून नव्हे. तळेगाव-चाकण रस्त्यावर कंटेनर अडकले की शाळेची व्हॅन तिथेच मुक्काम करायची. अजिंक्य जातानाच डबा संपवायचा आणि येताना दप्तरावर झोपायचा. आज काय शिकलीस म्हणून विचारले तर योगिनी ट्रकच्या मागे काय लिहिलेले असते ते म्हणून दाखवायची. मग भाग्यश्रीने ठरवले की दोन वर्षे घर हीच शाळा आणि महिने हीच पुस्तके. वैशाखात कुरडया घालताना मोजणी शिकायची, आषाढात भाताची लावणी करायची, श्रावणात पत्री ओळखायची, भाद्रपदात गौरीच्या भाज्या निवडायच्या. बेत उत्तम होता. फक्त ठरवून ती सकाळी कंपनीच्या कॅबने हिंजवडीला जाते, त्यामुळे शिकवायचे मी आणि आईने. सकाळी मी (माझी दुसरी पाळी असते), आणि दुपारपासून आई. आईच्या वर्गात मुले भाकरी थापणे, पावसाचा अंदाज आणि भावकीत कोण कोणाशी का बोलत नाही हे विषय पक्के शिकली. माझ्या वर्गात मला जे येते ते शिकली. आणि मला, तुम्हाला ठाऊकच आहे, एकच गोष्ट येते.

मी कंपनीत क्वालिटीत आहे. मशीनवरून आलेला पार्ट मोजायचा, मापात असला तर हिरवा स्टिकर, नसला तर लाल. मी घरी टेप आणली, दोन्ही रंगांच्या स्टिकरची एकेक गुंडाळी आणली आणि आमच्या खात्याचा पहिला नियम शिकवला: जे दिसेल तेच सांगायचे, आणि पार्ट कोणी बनवला ते बघायचे नाही. अण्णा, हा नियम कंपनीत सोन्यासारखा आहे. गावात तो आणू नये हे मला कोणी सांगितले नाही.

पहिला लाल स्टिकर आईच्या भाकरीला लागला, कारण ती एका बाजूने फुगली नव्हती. आईने तो सोलून भाकरी मलाच वाढली. दुसरा भाग्यश्रीच्या लॅपटॉपला लागला. रजेच्या दिवशी ती मीटिंगला बसली होती, आणि कॅमेरा चालू असताना अजिंक्यने पुढे येऊन "रजा म्हणजे रजा" एवढे बोलून स्टिकर लावला. (तिच्या साहेबांनी त्यानंतर मीटिंग लवकर संपवली म्हणे.) तिसरा मला लागला, कारण दूध तापत ठेवून मी पेपर वाचत बसलो होतो. तो पाठीवर होता. मी गेटमधून आत गेलो, लाईनवरून फिरलो, चहाला उभा राहिलो, आणि अख्ख्या शिफ्टने क्वालिटीचा माणूस रिजेक्ट झालेला पाहिला. एकानेही सांगितले नाही. तरी घरी आल्यावर मी पोरांना शाबासकीच दिली, कारण दूध खरेच उतू गेले होते.

आता बांध. आमचे आणि तात्यांचे रान लागून आहे आणि मध्ये एकच बांध. तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे चुलत भाऊ. तुमची-आमची सोयरीकही त्यांनीच जमवली, म्हणून तर तुमचा नंबर त्यांना पाठ आहे. या रानातल्या तुकड्यांना कंपन्या आल्यापासून असा भाव आला आहे की माणसे मुंज्याला भीत नाहीत पण मोजणीला भितात. नांगरताना बांधाचा एक घास घ्यायचा, पुढच्या वर्षी आणखी एक, आणि तोंडाने रामराम चालू ठेवायचा, ही आमच्याकडची जुनी रीत आहे. सगळ्यांना माहीत असते, बोलत कोणी नाही. मी मुलांना लांबी-रुंदी शिकवायला शोधून शोधून तोच बांध दिला. का, तर जवळ आहे आणि सावली आहे. रस्त्याच्या टोकाला बांधावरून बैलगाडी जाईल. विहिरीकडे पोरांना एका पावलापुढे दुसरे पाऊल ठेवून तोल सांभाळावा लागला. दोघांनी मुकाट्याने मोजले, परत मोजले आणि घरी आले. काय निघाले हे मी विचारले नाही, कारण माझी पाळीची बस आली होती.

मग आला पोळा. आमच्या दावणीला आता बैल नाहीत, म्हणून आई पुरणपोळीचा नैवेद्य घेऊन तात्यांच्या बैलांना ओवाळायला जाते. तात्यांचे बैल शर्यतीच्या घाटात पळणारे. झूल, बेगड, शिंगांना गोंडे, ढोल, आणि भावकी सगळी हजर. तात्या खुशीत होते. त्यांनी योगिनीला जवळ घेऊन सगळ्यांसमोर विचारले, "काय गं बाय, शाळंत न्हाई जात म्हणं. घरी काय शिकिवत्यात तुला?" ती म्हणाली, "मोजायला शिकवतात." तात्या म्हणाले, "मंग काय मोजलं?"

तिने सांगितले. आवाज खणखणीत आहे पोरीचा, तो तुमच्यावरच गेला आहे. बांध कुठे रुंद, कुठे अरुंद, तात्यांच्या बाजूने नांगर कुठवर आत आला आहे, सगळे सांगितले. ढोलवाला आपोआप थांबला. अजिंक्यने पुढे होऊन तात्यांच्या नव्या कोऱ्या सदऱ्यावर, बरोबर खिशावर, लाल स्टिकर लावला. आई पदर तोंडाला लावून उभी होती आणि पदराआड तिला काय होत होते ते मला दिसत होते. तात्या बैलांपेक्षा लाल झाले. "आरं, ह्ये कुणी पढिवलं? छबूनं पढिवलं व्हय?" (छबू म्हणजे आमची आई.)

एवढ्यावर थांबले असते तर आमची बाजू वर राहिली असती. पण नियम तो नियम. योगिनी म्हणाली, "आमच्या बाजूने पण कोरलाय. तिथे आजी घेवडा लावते." आणि अजिंक्यने दुसरा स्टिकर आईच्या पदराला लावला.

तेव्हापासून आई माझ्याशी बोलत नाही. भाकरी वाढते, पण वरून टाकते. तात्यांनी घरी जाऊन पहिले काम केले ते तुम्हाला फोन. त्यांचे म्हणणे एवढेच की पोरांना शाळेत घाला, म्हणजे ती खरे बोलायची थांबतील. (शब्द माझे आहेत, भाव त्यांचा.)

पण त्यांनी तुम्हाला पुढचे सांगितलेले नाही. परवा सकाळी तात्या खांद्यावर कुदळ टाकून दारात उभे राहिले आणि मला ओलांडून पोरांना म्हणाले, "वरवर काय मोजताय रं? हद्दीचा दगुड बगितला का? चला, दावतो." घाणेरीच्या जाळीत दगड निघाला. तो दोघांच्याही सोयीचा नव्हता. आई घेवड्याच्या वेलाशी जाऊन उभी राहिली, तात्या समोर, आणि दोघे इतके भांडले की बाजूच्या शेडमधले कामगार चहा घेऊन बघायला आले. वडील गेल्यापासून ही दोन माणसे सणापुरती बोलत होती. भांडता भांडता तात्यांनी ढेकळे परत टाकायला सुरुवात केली आणि आईने घेवडा उपटून चहा ठेवला. बांध अजून पुरता झालेला नाही. हिरवा स्टिकर मिळालेला नाही, पण लाल काढला आहे. मला हे बघून फार बरे वाटले, अण्णा, आणि ते तुम्हाला कळावे असेही वाटले.

आता दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर पोरे मला स्टिकर लावतील. मोजणे त्यांना येते. वाचायला योगिनीला येते, पण ती वाचते रेल्वेच्या घोषणेसारखे. अजिंक्यचा 'क' उलटा पडतो. कविता आमच्या घरात कोणालाच येत नाही; आईला ओव्या येतात, पण सध्या ती गात नाही. मी गोष्ट सांगायला लागलो की शेवटी ती मशीनच्या बिघाडावर जाते. भाग्यश्री म्हणते, तिला तुम्ही संध्याकाळी दिव्याजवळ बसवून कविता म्हणायला लावायचात, तसे तिला शिकवता येत नाही. हे ती तुमचा फोन ठेवल्यावर म्हणाली. तेव्हा मुलांना मास्तर हवा, हे तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. दसऱ्याला जरूर यावे.

आपला,
सिद्धेश

ता. क. हे पत्र पोस्टाने न पाठवता तात्यांबरोबर पाठवतो आहे, त्यांना तळेगावला बैलांचे औषध आणायचे आहे. पाकीट फोडलेले दिसले तर कोणी फोडले हे विचारू नये.

ता. क. दुसरा. येताना मुलांचे कपडे भरायला रिकामी बॅग आणू नका. भरलेली आणा, तुमच्या कपड्यांची. आई (म्हणजे भाग्यश्रीची) गेल्यापासून तुम्ही त्या घरात एकटे जेवता हे आम्हाला बघवत नाही. लेकीच्या घरी बापाने राहू नये, ही तुमची रीत मला ठाऊक आहे. इतक्या वर्षांत तुम्ही इथे कधी रात्र काढली नाही, संध्याकाळची बस चुकवली नाही आणि पाण्याची बाटलीसुद्धा घरून भरून आणता. (नातवंड झाले की पाण्याची अट सुटते असे आमची आई सांगते, पण तुमच्यापुढे बोलायची तिची छाती नाही.) म्हणून सासरे म्हणून राहू नका. मास्तर म्हणून राहा. गावात मास्तर आला तर त्याला खोली द्यायची, ही आमची रीत आहे, आणि ती तुमच्या रीतीहून धाकटी नाही. विहिरीकडची खोली तात्यांनी आणि मी कालच झाडून घेतली. कंबर त्यातच धरली.

ता. क. तिसरा. खाली योगिनीने स्वतः लिहिले आहे. मी काही सांगितलेले नाही आणि दुरुस्तही केलेले नाही.

आजोबा तुमची बाटली मी मोजली. ती दुपारीच संपते. मग तुम्ही तहानलेले बसता. आता आणू नका. आमच्याकडे माठ आहे.