बिनतेलाचे गोळे

रविवार, ७ डिसेंबर. सकाळी ११.

एअर फ्रायर आला. काळा, चकचकीत, आमच्या फडताळात मावत नाही एवढा. पहिल्या पगारातून घेतला. आजपासून या घरात तळण बंद.

दौंडच्या डॉक्टरांनी आप्पांना सांगितलंय की हृदयाच्या एका नळीत अडथळा सुरू झालाय. रोज रात्री एक टॅबलेट, तळलेलं बंद, मटण बंद. तेव्हापासून आप्पा भिंतीकडे बघून जेवतात.

मी घरातली पहिली पदवीधर. बी.एस्सी., केमिस्ट्री. सध्या कुरकुंभच्या एका कंपनीत क्वालिटी कंट्रोलला ट्रेनी. शिकलेल्या माणसाचा घराला उपयोग झाला नाही तर ते शिक्षण कशाला? (हे वाक्य चांगलं जमलं. स्टेटसला ठेवलं.)

योजना: चिकनच्या खिम्याचे मीटबॉल, तेलाचा एक थेंबही न घालता. दर बुधवारी आणि रविवारी. आई म्हणाली, "खिम्याचं गोळं म्हण की. मीटबॉल म्हटल्यावर त्येला काय शिंगं फुटत्यात व्हय?"

तिचा गैरसमज हळूहळू दूर करीन.

बुधवार, १० डिसेंबर.

पहिला प्रयोग. १८० डिग्री, १५ मिनिटं. बाहेरून चपलेचं चामडं, आतून गुलाबी. चूक माझी नाही. संध्याकाळी शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की गावात व्होल्टेज पडतं. मशीनवर आकडा १८० दिसतो, पण आतला पंखा आजारी माणसासारखा फिरतो. आणखी २० मिनिटं ठेवले.

आप्पांनी तीन खाल्ले. "चांगलं हाय," म्हणाले. मग चार तांबे पाणी प्यायले.

निष्कर्ष: चव चांगली, ओलावा कमी.

रविवार, १४ डिसेंबर.

प्रयोग दुसरा. खिम्यात अंडं घातलं, दही घातलं, इंटरनेटवर सांगितलं होतं म्हणून ब्रेडही घातला. झालेला गोळा ताटात टाकला तर ताट वाजलं. एक दारातल्या कुत्र्याला दिला. त्याने तो तोंडात धरून नेला आणि मागच्या शेवग्याखाली पुरला.

अर्धा खिमा उरला होता. आप्पा हातपाय धुऊन पाटावर बसले होते. आई उठली. तिने खिम्यातला ब्रेड निवडून काढला, फुटाण्याच्या डाळ्यांचं पीठ आणि काळा मसाला घातला, मागच्या अंगणातल्या चुलीवर कढई ठेवली आणि गोळे तळले. मी नको म्हणत होते, पण हळू म्हणत होते. मग ते मशीनच्या ड्रॉवरमध्ये भरले आणि ड्रॉवर घेऊनच आप्पांसमोर ठेवला.

आप्पांनी आठ खाल्ले. ताटाकडे बघून. मग विचारलं, "ह्यात तेल अजिबात न्हाई?"

मी "हं" म्हणाले. "हं" म्हणजे "नाही" असंच काही नाही. पण आप्पांना तसं ऐकू आलं असेल तर त्याला माझा इलाज नाही.

फक्त आजच्यापुरतं. बुधवारपर्यंत प्रयोग यशस्वी होईल.

सोमवार, १५ डिसेंबर.

आप्पा कारखान्यात काट्यावर आहेत. उसाच्या ट्रॉल्या आत शिरताना वजन करायचं. हंगामात काट्यावरचं सगळं मंडळ एकत्र डबा उघडतं. एकट्याने डबा खाणारा माणूस तिथे चालत नाही. उरलेले गोळे आप्पा आज डब्यात घेऊन गेले.

रात्री फार खुशीत आले. काट्यावरच्या हौसराव मामांनी विचारलं म्हणे, "साहेबराव, डॉक्टरनं बंद केलंय ना रं?" आप्पा म्हणाले, "बिनतेलाचं हाय. माझ्या गौतमीनं शोध लावलाय. पोरगी बी.एस्सी. हाय, काय समजलास?"

हौसराव मामांच्या हृदयात दोन वर्षांपूर्वी स्प्रिंग बसवली आहे. त्यांनी पाच खाल्ले.

झोप लागली नाही. बहुधा चहा जास्त झाला.

बुधवार, १७ डिसेंबर.

प्रयोग तिसरा यशस्वी झाला नाही. आईने तळले.

रविवार, २१ डिसेंबर.

सकाळी विहारात वंदना. पंचशील म्हणताना चौथ्या ओळीला माझा आवाज गेला. खोटं बोलण्यापासून अलिप्त राहण्याची शिकवण ग्रहण करते, एवढंच म्हणायचं असतं. शाळेत असताना मी ही ओळ माइकवर म्हणायचे. आज फक्त ओठ हलवले. शेजारी बानूबाई मावशी बसली होती. म्हणाली, "गौतमे, घसा धरलाय का? तळणाच्या वासानं धरतो बग."

आई आता पहाटे पाचला तळते, म्हणजे आप्पा उठायच्या आत वास गेलेला असतो. दार उघडून ठेवते. बानूबाई मावशीचं घर दारासमोरच आहे. काल म्हणत होती, "तुमचं मशीन लई गुणाचं. पहाटं उठून कामाला लागतंय."

मशीनचं कौतुक ऐकून बरं वाटलं.

बुधवार, २४ डिसेंबर.

काट्यावरून मागणी वाढली आहे. आज चाळीस गोळे. आई पहाटे साडेचारला उठली. मीही उठणार होते. गजर वाजला असावा.

नवीन उपाय सापडला. तळलेला प्रत्येक गोळा टिश्यू पेपरने टिपायचा. टिश्यूचं वजन आधी आणि नंतर, कंपनीतून आणलेल्या जुन्या तराजूवर. हिशेब केला: बाहेरचं बरंच तेल निघतं. म्हणजे हे तळलेले गोळे नव्हेत, कमी तेलाचे गोळे आहेत. आणि कमी तेल आणि बिनतेल यांच्यातलं अंतर दिवसेंदिवस कमी होतंय.

आईला हे समजावलं. ती म्हणाली, "मग पुसल्याला कागद त्येंना दाव की एकदा."

कंपनीत आज ट्रेनिंग होतं. सँपल एक आणि लेबल दुसरं असेल तर काय होतं, हा विषय. मी पहिल्या रांगेत होते. नोट्स घेतल्या नाहीत.

गुरुवार, १ जानेवारी.

कोरेगाव भीमा. पहाटे निघालो, पार्किंगपासून दोन-अडीच तास चालून स्तंभापाशी पोचलो. मानवंदना देताना अंगावर काटा आला. तिथेच ठरवलं: नवीन वर्षात खोटं नाही. आज, इथेच, आप्पांना सगळं सांगायचं.

परतताना रस्त्याच्या कडेला सगळे डबे उघडून बसलो. आप्पांनी आमचा डबा शिरूरहून आलेल्या आत्याच्या घरच्यांपुढे सरकवला आणि म्हणाले, "खावा बिनघोर. बिनतेलाचं हाय." आत्याच्या सुनेने माझा फोटो काढला आणि कृती विचारली.

एवढ्या पवित्र दिवशी आप्पांचा आनंद हिरावून घेणं योग्य नव्हतं.

कृती सांगितली. १८० डिग्री, १५ मिनिटं.

रविवार, ४ जानेवारी. दुपार.

आप्पांच्या शर्टाच्या खिशातून पाकीट काढताना टॅबलेटची पट्टी खाली पडली. दहापैकी दोनच गेल्या आहेत. सोबतच्या दुकानाच्या बिलावर तारीख डिसेंबरच्या मधली.

विचारलं तर आप्पा हसले. "आता कशाला? तेलच पोटात जात न्हाई तर टॅबलेट कुणाला घालायची? उगं किडनीवर लोड." हौसराव मामाही आपली औषधं कमी करायच्या विचारात आहेत म्हणे.

पट्टी परत त्यांच्या खिशात ठेवली. आज रात्री सांगणार. कोणतंही कारण चालणार नाही.

रात्री ९. आप्पांचा एका ट्रॉलीवाल्याशी फोनवर वाद चालला होता. अशा वेळी सांगू नये.

सोमवार, ५ जानेवारी.

सांगितलं नाही. आप्पांची रात्रपाळी.

मधला मार्ग म्हणून टॅबलेट कुटून खिम्यात मिसळायचा विचार मनात आला. गोळे अख्खं मंडळ खातं, कुणाच्या वाट्याला किती जाईल सांगता येत नाही. विचार सोडून दिला. असा विचार मी केला, हे या वहीबाहेर जाता कामा नये.

मंगळवार, ६ जानेवारी.

आईला म्हटलं, तू सांग. ती भाकरी थापत होती. थांबली नाही. "तळलं मी. बोललीस तू. जिचं तिनं सांगावं."

आईला परिस्थितीचं गांभीर्य कळलेलं दिसत नाही.

बुधवार, ७ जानेवारी. दुपारी ३.

सांगितलं!

खूप धैर्य लागतं अशा गोष्टीला. आप्पा जेवत होते. मी समोर बसले आणि एका दमात सगळं सांगितलं: पहिले प्रयोग, कढई, पहाट, टिश्यू. माफी मागितली. मन पिसासारखं हलकं झालं. खरं बोलण्यात एक वेगळीच ताकद असते, हे आज अनुभवलं. यावर विहारात चार शब्द बोलावेत असं वाटतंय.

आप्पांनी हातातला गोळा ताटाच्या कडेला ठेवला. विचारलं, "डब्याच्या पयल्या दिवसापासनं?" मी हो म्हणाले. ते उठले, हात धुतला, पट्टीतून टॅबलेट काढून घेतली. टॅबलेट रात्रीची आहे असं मी म्हणाले, पण त्यांनी ऐकलं नाही. मग इतकंच म्हणाले, "हौसरावला मी माझ्या हातानं खायला घातलं."

रागावले नाहीत. म्हणजे प्रश्न मिटला.

शुक्रवार, ९ जानेवारी.

आप्पांच्या डब्यात कालपासून भाकरी आणि मेथी. मंडळाने विचारलं, गोळे कुठंयत? आप्पा म्हणाले, "मशीन बिघडलंय." हौसराव मामांना बाजूला घेऊन मात्र सांगितलं की औषध एक दिवस चुकवू नको, का ते विचारू नको.

हे मला आईने सांगितलं. आप्पा माझ्याशी बोलतात, पण कामापुरतं. आईला आज सकाळी म्हणाले, "बावीस वर्सं काट्यावर हाय. माझ्या तोंडचा आकडा कुणी दुसऱ्यांदा इचारला न्हाई. पोरीचं नाव जाऊ नये म्हनून काल खोटं तोंडातनं निघालं बग."

माझं नाव वाचवायला मी त्यांना सांगितलं नव्हतं. तरी चूक माझीच धरली पाहिजे, असं दिसतंय.

रविवार, ११ जानेवारी. दुपारी अडीच.

मंडळ प्रेमळ असलं की फार अवघड जातं. साडेबाराला हौसराव मामा दारात उभे. सोबत कारखान्याच्या इलेक्ट्रिक खात्यातला सतीश, हातात पेटी. मामा म्हणाले, "साहेबराव, आपल्या पोरीचं मशीन बंद पडलं आन् आपण गप बसायचं? सतीशला सुट्टीच्या दिवशी उठवून आणलाय. एक रुपया घ्यायचा न्हाई म्हनलंय त्येला."

आप्पा खाटेवरून उठले आणि परत बसले. मी म्हणाले, सतीशदादा, राहू द्या, कंपनीचा माणूस येणार आहे. सतीश म्हणाला, "ताई, कंपनीचा मानूस पाटसला येईस्तोवर तुमचं लगीन व्हईल." आणि त्याने ड्रॉवर ओढला.

ड्रॉवरमध्ये लसणाच्या दोन गड्ड्या, खारका, सुकी मिरची आणि आमचं रेशनकार्ड.

सतीशने रेशनकार्ड उलटून बघितलं. आईच म्हणाली, "उंदीर लागत न्हाई त्यात."

सतीशने सामान काढून ताटात ठेवलं, मशीन उलटं केलं, वायर तपासली, प्लग लावला. मशीन सुरू झालं. दुपारी मोटारी बंद होत्या, व्होल्टेज भरपूर. एकदम मस्त आवाज. त्याने आईकडून चार पापड मागून आत टाकले. दोन मिनिटांत खरपूस. "बिघाड काय बी न्हाई," सतीश म्हणाला. "आन् काळा डाग बी न्हाई आत. ह्यात खिमा कवा शिजला?"

हौसराव मामा आप्पांकडे बघत होते. आप्पा खाली बघत होते. मामांनी इतकंच विचारलं, "साहेबराव, मग बिघडलंय म्हनालास ते?"

मी म्हणाले, मामा, गोळे आईने तळलेले होते. बिनतेलाचे म्हणून मी खोटं सांगितलं. मशीन बिघडलं असं आप्पा माझ्यासाठी बोलले. या वेळी मन हलकं वगैरे झालं नाही.

मामांनी पापडाचा तुकडा मोडला. तोंडात टाकला. मग आईला म्हणाले, "वैनी, तरीच म्हनलं, मशीनच्या हाताला येवढी चव कुठनं आली." सतीश हसला. आईसुद्धा हसली. आप्पा हसले नाहीत.

ते दोघं गेल्यावर आप्पांनी शर्ट घातला. दुसरी पाळी चारला सुरू होते, दोनलाच निघाले. आईने विचारलं, एवढ्या लवकर? म्हणाले, "सगळ्यांना सांगायचं तर येळ लागंल. ट्रॉल्या आल्यावर बोलता येत न्हाई."

मी चप्पल घातली. म्हटलं, आप्पा, मी येते. चूक माझी आहे, मी सगळ्यांसमोर कबूल करते.

आप्पा सायकल काढता काढता थांबले. म्हणाले, "तू नको. तू आलीस तर लोकं तुलाच शाबासकी देत्याल."

चप्पल काढून ठेवली.