दाराशी थांबलेला पान्हा

माय, आठ दिवसांमागं नातीनं मला मेंदूतलं काहीबाही शिकवलं आणि तेव्हापासून तुझ्याशी बोलावंसं वाटतंय. ती पुण्याला प्रयोगशाळेत असते. सुट्टीला आली की माझ्याजवळ बसून शेंगा सोलते, निम्म्या तोंडात टाकते. शेंगा यंदा बऱ्या आहेत, पण ते राहू दे. ती म्हणाली, आजी, बाईला पान्हा फुटतो ना, त्याची सुरुवात डोक्यात होते. मी म्हटलं, डोकं आणि दूध? तर म्हणे, मेंदूत आधी एक लांब साखळी बनते. तशीच्या तशी ती काही कामाची नाही. एका बारक्या पिशवीत बसून ती खाली निघते, आणि त्याच पिशवीत तिला कापणारी एंझाइमं असतात. ती कुठंही कापत नाहीत, ठरल्या खुणेवरच कापतात, मग टोक छाटून नीट करतात. त्यातून जो एवढासा तुकडा सुटतो तोच पान्हा सोडतो. मला आपलं उसाचं बेणं आठवलं, डोळा सांभाळून तू कोयत्यानं कांड्या तोडायचीस ते. ती हसली, म्हणाली, साधारण तसंच समज.

मग मला कोरीटच्या आपल्या घरातली ती खोली दिसू लागली. मी पहिलटकरीण, तुझ्याकडे बाळंतपणाला आलेली, आणि दूध काही उतरत नाही. पोर रडून रडून नुसतं कण्हतंय. गल्लीतल्या बाया दारात येऊन सारख्या विचारतायत, "दूध उनं का?" सासूबाई मुद्दाम बघायला आल्या, खाटेशी उभ्या राहून म्हणाल्या, "मन्हा नातूले आते बकरीच पाजी का?" मला वाटलं, मी कोरडीच जन्मले, हे पोर माझ्या हातून जाणार.

तू भिंतीशी कापसातली सरकी काढत बसली होतीस. उठलीस आणि विहीणबाईंसकट सगळ्यांना बाहेर काढलंस. "जा वं बायासहोन आते घर. म्हैसजोडे नवं माणूस उभं ऱ्हायनं तं ती बी पान्हा चोरस. हाई तं मन्ही पोर शे." परकं माणूस जवळ आलं की दूध आखडून धरणारी आपली म्हैस मला आठवली. सासूबाई पुढं वर्षभर तुझ्याशी बोलल्या नाहीत. दार लोटून तू पुन्हा सरकी काढायला बसलीस, माझ्याकडे पाठ करून. दुधाचं नावसुद्धा काढलं नाहीस. मामा शहाद्याची समजून नवापूरच्या एस.टी.त बसला आणि उतरल्यावर लोकांना विचारत फिरला, "आमनं शहादं कथं गयं?" ते सांगत बसलीस. मी पोराला छातीशी धरून हसते आहे, हसता हसता चोळी भिजलेली कळते. पोर गटागटा गिळू लागतं. ऐकू आलं तरी तू वळून बघितलं नाहीस.

ते पोर म्हणजे या नातीचा बाप. तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, तू कोरडी नव्हतीस गं आजी. तुकडे कापून तयार होऊन दाराशी थांबलेले असतात. बाळ ओढू लागलं की सुटतात, आई धास्तावली की अडतात. तुझ्या आईनं धास्ती तेवढी बाहेर काढली.

हा कागद तुला पोचायचा नाही, ठाऊक आहे मला. पण एक सांगते. नातीनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हाच मला सगळं कळलं होतं. तरी कळलं नाही म्हणते आणि 'तू कोरडी नव्हतीस' हे तिला रोज पुन्हा सांगायला लावते.