व्यसनाचा रकाना

निपाणी, मंगळवार, दिवेलागणीला

आज आक्काला घेऊन बेळगावच्या दवाखान्यात गेलते. तिच्या गालाच्या आतली जखम दोन महिने झाले, भरतच नाही. डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं, "काही व्यसन?" आक्काच्या आधी मीच बोलले, "न्हाय."

सवयच ती. आशा सेविकेचं काम करताना घरोघरी आरोग्याचे फॉर्म भरते, तेव्हा बायकांना हेच विचारते. "व्यसन? ते बाप्यांचं गं," म्हणून त्या हसतात. मी 'नाही' लिहिते नि पुढच्या दाराला जाते.

डॉक्टरीणबाईंनी बॅटरी लावून तोंड बघितलं. मग आक्काचं नखापाशी काळं पडलेलं बोट धरून विचारलं, "मिश्री लावता?"

"व्हय की. दात घासाय नकोत?"

मिश्री म्हणजे तव्यावर भाजून कुटलेली तंबाखूच. मला हे माहीत नव्हतं? आईच्या हाताखाली मीच भाजायची. तरी तो रकाना भरताना कधी आठवलं नाही. का?

जखमेचा तुकडा तपासायला दिलाय. आक्का येताना एसटीत शांत झोपली. मी तिचं बोट बघत बसले.

शेवंतामावशी तोंडाच्या कॅन्सरनं गेली. खालच्या गल्लीतली इंदूपण. दोघींच्या फॉर्मवर माझ्याच अक्षरात 'नाही' आहे. रडू यायला पाहिजे, येत नाही.

घरी आल्यावर तोंड धुवायला मोरीत गेले. रोजच्यासारखं डबीत बोट घातलं, दातांवरून फिरवलं. चूळ भरून झाल्यावर कळलं.