कोर्टाचं सारवण

आये, पहिली आली ती शेजारची पापडवाली. गाडी नेमकी तिच्या वाळवणाच्या अंगाला थांबली म्हणून भांडायला बाहेर पडली होती, पण गाडीतल्या माणसांनी माझंच घर विचारलं तशी भांडण तिथेच टाकून धावत माझ्या दारात. "मावशे, उठ गो! रोह्यावरनं साहेब आलाय, काठीवाला. नि एक बाई हाय, प्यांटवाली. काय केलंस काय तू?" मी म्हटलं, मी काय करणार, मी तांदूळ निवडतेय. पाहुण्यांच्या आधी तीच आत शिरली, आणि घरात धड खुर्ची एकच, ती तिने अडवली. साहेबाला पलंगावर बसवावं लागलं. म्हातारा आहे बिचारा, माझ्याहून मोठा, बसताना गुडघा धरून बसला. प्यांटवाली बाई म्हणजे माझ्या नातीला टेनिस शिकवते ती. माझी नात, तुझी पणती, आता सातवीत आहे. माझा मुलगा रोह्याला कंपनीत शिफ्टवर असतो, आणि राहतो कुठे म्हणशील, तर तू जिथे कामाला जायचीस त्याच कॉलनीत. बंगले पाडून त्यांनी बिल्डिंगी बांधल्या, पण चिंच तीच आहे. पोरगी दिवाळीच्या सुट्टीला माझ्याकडे पेणला आलेली, ती बाईंना बघून मोरीत लपली. कोणी तक्रार घेऊन आलं असं तिला वाटलं.

तक्रार नव्हती. बाई म्हणाल्या, आजी, हिने कॉलनीच्या क्लबात सगळ्या पोरांना सांगितलं की माझ्या आजीची आई इथे मातीचं कोर्ट सारवायची. पोरं हसली. शेणाचं कोर्ट म्हणून अजून चिडवतात. मी या साहेबांना विचारलं, तर ते म्हणतात, होतं तसं कोर्ट. साहेब पलंगावर जरा पुढे सरकला. मग म्हणाला, "तुमच्या आई करायच्या? आम्हाला वाटायचं माळी करतो."

"माळी पाणी मारायचा नि रोलर ओढायचा. सारवायची माझी आय."

"मी नोकरीला लागलो तेव्हापासून तिथे खेळलो. एकदाही दिसल्या नाहीत त्या."

"दिसेल कशी? तुम्ही पुढच्या फाटकातनं यायच्या आत आम्हाला मागच्या फाटकातनं काढायचे."

पापडवाली खो खो हसली. मी पण हसले, मी काय टोमणा म्हणून बोलले नव्हते. साहेब मात्र हसला नाही. काठीच्या टोकाने माझ्या फरशीवर रेघ ओढल्यासारखं करत म्हणाला, "नंतर पुष्कळ ठिकाणी खेळलो मी. तसं कोर्ट नाही मिळालं. तडा म्हणून जात नव्हता त्याला." मी चहा बघते म्हणून आत गेले. चहा झालेला होता, तरी गेले.

आता तुला कळायचं नाही की पोरीला मातीचं कोर्ट हवंच कशाला, सिमेंटचं चांगलं असताना. त्यासाठी तुला त्या स्पेनच्या बाईचं सांगायला हवं. स्पेन लांब आहे, दुबईच्याही पलीकडे. तिथली एक टेनिस खेळणारी, आमच्या घरात तिला सगळे 'स्पेनची' म्हणतात, जशी आपण माहेरच्या गावावरनं 'खांबची' किंवा 'गडबची' म्हणतो. आधी माझा मुलगा टीव्हीवर बघायचा, त्याच्या मांडीवर बसून नात बघायला लागली, आणि नातीला भरवता भरवता मी. बाप बस चालवायचा तिचा. लहानपणी गोठ्याच्या भिंतीवर चेंडू मारत बसायची. चौदाव्या वर्षी घर सोडून मोठ्या शहरात शिकायला गेली आणि रोज फोनवर रडायची, असं तिने एकदा मुलाखतीत सांगितलं, नातीने मला त्याचं मराठी करून सांगितलं. मी म्हटलं, रडेल नाय तर काय, मी पेणला सासरी आले तेव्हा फोन पण नव्हता. मग ती बक्षिसाच्या पैशासाठी खेळायला लागली, गावोगाव फिरायची, आणि हरायची. पहिल्याच फेरीत हरायची आणि बॅग उचलून पुढच्या गावी. मला तर वाटायचं हिच्या आईने हिला आता घरी आणावं.

पण एक वर्ष आलं बघ. पॅरिसला लाल मातीवर मोठा सामना असतो, तिथे तिने एका मोठ्या नावाच्या बाईला हरवलं. काय घसरायची आये! धावत यायची, आणि शेवटचं हातभर अंतर पाय रोवून मातीवरून सरकत जायची, माती मागे उडायची, आणि चेंडू बरोबर पलीकडे. मी भांडं टाकून टाळ्या वाजवल्या होत्या. त्यानंतर खांदा गेला. कापून शिवावा लागला. वर्षभर खेळली नाही, आणि परत आली तेव्हा तिचा नंबर कुठच्या कुठे, मोठ्या सामन्यात आत जायला आधी दाराशीच तिघीजणींना हरवायचं, अशी पाळी. रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळायची. एक लहानसा कप मिळाला मध्ये, तोही मातीवरच. सिमेंटवर गेली की हरायची. मुलगा म्हणायचा, हिच्यात दम नाही. मी म्हणायचे, दम आहे रे, पाय मातीतले आहेत तिचे. तर यंदा तिने सांगितलं, बस झालं. शेवटचा सामना हरली. आम्ही दोघी मोबाईलवर बघत होतो, पोरगी रडली, मी तिला लाडू दिला, तिने रडत रडतच खाल्ला.

पण मला जे लागलं ते पुढचं. दुसऱ्या दिवशी कोणीतरी मोबाईलवर तिच्या गावचा व्हिडिओ टाकला होता. ज्या लहान क्लबात ती पहिल्यांदा खेळली तिथे ती गेलेली, पोरांबरोबर खेळली, आणि खेळून झाल्यावर तिने कोपऱ्यातली एक लांब जाळी घेतली, दोरीने ओढायची असते ती, आणि सगळं कोर्ट स्वतः झाडलं. बाहेरच्या कडेने सुरू केलं, गोल गोल आत आत. स्वतःच्या पावलांवरून जाळी फिरवत. मी म्हटलं, हे काय गो, एवढ्या मोठ्या बाईला झाडायला लावलं? पोरगी म्हणाली, "लावलं नाही आजी. तिकडे रीतच आहे. खेळून झालं की ज्याचं त्याने झाडायचं, मग तो कितीही मोठा असो." आये, मी चहाचा कप खाली ठेवला. तो मग तसाच निवला.

तू उलट चालत सारवायचीस. कोर्टाच्या चारी कडांना दोरी बांधलेली असायची, आणि तू दोरीच्या पलीकडच्या कडेपासून ओणवी होऊन मागे मागे यायचीस, हाताचा अर्धा चंद्र, त्याला लागून दुसरा. तुझं पाऊल कुठेच उरायचं नाही. पाऊस संपला की नवं कोर्ट घालायचं आणि मग दर आठवड्याला सारवण. मी चिंचेखाली बसलेली. एकदा मी ओल्यावर पाय दिला, कोपऱ्यात. तू पाठीत धपाटा घातलास, "मेले, साहेब काय म्हणेल?" आणि मग वाकून बघितलंस, आणि म्हणालीस, "ऱ्हाऊ दे. दोरीच्या भायेर हाय." माझं पाऊल तिथे उन्हाळाभर होतं. तुझं एकही नव्हतं. वाळलेल्या कोर्टावर तू उभी राहिलेली मला आठवतच नाही. मी कुंपणातून खेळ बघून यायचे. तू भाकरी थापत विचारलंस, "तिथं करतात तरी काय गो?"

"चेंडू मारतात. जाळीच्या वरनं."

"मग?"

"मग पलीकडचा परत मारतो."

"एवढ्यासाठी? नि आमची कंबार मोडली मेली!" इतकी हसलीस की भाकरी करपली. मी म्हटलं, चल की एकदा, कुंपणापाशी उभं राहू. "आपल्याला काय करायचंय." झालं. मी पण पुन्हा म्हटलं नाही. आता वाटतं, हाताला धरून ओढायला हवी होती तुला. तुला सांगता पण आलं नाही मला, की ते धावतात, घसरतात, आणि तू केलेली जमीन त्यांना धरून ठेवते. मला तरी कुठे कळलं होतं, त्या स्पेनच्या बाईला बघेपर्यंत.

आणि दुसरं ते मडकं. मुरूम चाळलेला, शेण, आणि तिसरं काहीतरी, ते तू घरून मडक्यात आणायचीस, वर फडकं बांधून. आंबूस वास यायचा. तू म्हणालीस, "ये गो, हात घाल. हाताला कळतं किती झालं ते." मी नाही घातला. मी तेव्हा तिसरीत होते, शाळेतल्या मुली माझ्या हाताचा वास घेऊन नाक धरायच्या. मी म्हटलं, मला नाय शिकायचं हे शेणामुताचं. तू एकटीच कालवत राहिलीस. पुढल्या वर्षी धाकटा झाला आणि त्याला सांभाळायला माझी शाळा सुटली, ती सुटलीच. म्हणजे शाळा पण गेली आणि मडकं पण. लग्न होऊन मी इकडे आले, दोन पावसाळ्यांनी तू गेलीस. मी आले तेव्हा तुला बाहेर काढलेलं होतं, आणि मडकं चुलीमागे पालथं.

तर त्या दिवशी बाई म्हणाल्या, जुनी जागा तशीच पडून आहे, गवत काढून पुन्हा मातीचं कोर्ट घालावं असं आम्ही ठरवतोय, पोरांचे गुडघे वाचतील. तुझी पणती स्पेनचीसारखी घसरायला गेली सिमेंटवर, तर गुडघ्याची सालटी निघाली, अजून खपली आहे. साहेब म्हणाला, "तुम्हाला येतं का ते करायला?" पोरगी एव्हाना मोरीतून बाहेर येऊन दाराला चिकटून उभी. तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, येतं. न यायला काय झालं, आयच्या हाताखाली वाढले. पापडवाली म्हणाली, "आमची मावशी म्हणजे काय समजलात!" साहेब उठताना माझ्यापुढे हात जोडून उभा राहिला. आये, ते जोडलेले हात तुझ्यासाठी होते, मी मधल्या मध्ये घेतले.

आता मागच्या अंगणात मी तुकडे सारवलेत, पाटाएवढे. एकात आंबवलेली पेज घातली, एकात भाताचा तूस, एकात बेलाचा गर. तिन्ही तडकले. पेजेचा सगळ्यात कमी तडकला, पण तडकलाच. पोरगी विचारते, आजी, तुला येतं ना? मी म्हणते, पेणची माती वेगळी पडते बाय, म्हणून बघून घेते. आज चौथा कालवला, पेज आणि तूस मिळून. मी तिला म्हटलं, ये, हात घाल. मला वाटलं नाक धरेल. तर तिने कोपरापर्यंत दोन्ही हात घातले आणि म्हणाली, "आजी, हे गरम लागतंय आतून!" मी इतकी हसले की डोळ्याला पदर लावावा लागला. वासाचं नाव नाही घेतलं तिने. मग मला उलट चालत सारवायला ती मदत करत होती, आणि पापडवाली कुंपणावरून, "मावशे, आता पापड पण शेणाचे लाटतेस काय?"

हे लिहिलं, पण पाठवायचं कुठे, आणि पाठवून वाचणार कोण, तुला तर सही पण येत नव्हती. तरी एक तुलाच सांगते, बाहेर कोणाला सांगितलेलं नाही, पोरीला पण नाही. मला येत नाय, आये. चौथा तुकडा अजून ओला आहे, मी दर थोड्या वेळाने दारापर्यंत जाते आणि न बघताच परत येते. मातीचा टेम्पो घेऊन साहेब नि बाई गुरुवारी मला न्यायला येतो म्हणालेत.